भट्टीवरच्या पोरांनो, भौतिकशास्त्राला जायचं असेल तर

वीटभट्टीवर नाहीतर राइस मिलवर कामाला आलेल्या छत्तीसगडी घरातलं पोर दहावी झालं आणि 'मले ताऱ्यांचं शिकाचं हाय' म्हणालं, की मी आधी त्याचे दाखले बघायला मागतो. माझ्या वेळी हे सांगणारं कोणी नव्हतं. शाळेत माझं आडनाव एक आणि आधारवर दुसरं लागलं होतं, ते निस्तरता निस्तरता एक वर्ष गेलं. म्हणून शाळेचा दाखला, आधार, बाबाचं रेशनकार्ड एकाशेजारी एक ठेव आणि नावाचं अक्षर न अक्षर जुळव. डोमिसाइलला, म्हणजे महाराष्ट्राच्या रहिवासी दाखल्याला, पंधरा वर्षांचा रहिवास लागतो, तेव्हा जुनी वीजबिलं, शाळेचे कागद फेकू नको. जातीच्या दाखल्याचं मात्र नीट समजून घे: छत्तीसगडचा दाखला महाराष्ट्राच्या सवलतीला चालत नाही. इथला काढायचा तर कुटुंब इथे अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीपासून असल्याचा पुरावा मागतात. तो नसेल तर त्या आशेवर थांबू नको, खुल्या जागेच्या गुणांची तयारी धर.

अकरावीला गणित सोडायचं नाही. आयसर म्हणजे विज्ञान शिकवणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्था; त्यांच्या प्रवेश परीक्षेत ६० प्रश्न असतात. भौतिक, रसायन, गणित, जीवशास्त्र, प्रत्येकी १५. जीवशास्त्र सोडलेली पोरं तिथेच अडकतात. नायसर ही तशीच भुवनेश्वरची संस्था; तिच्यासाठी नेस्ट ही प्रवेश परीक्षा वेगळी, तिचाही फॉर्म भर. घरी हिंदी चालत असेल तर एनसीईआरटीची हिंदी पुस्तकं इंटरनेटवर फुकट मिळतात, ती आणि इंग्रजी पुस्तक शेजारी ठेवून वाच. पुढे शिकवणं इंग्रजीतच आहे.

आणि एक वही आकाशासाठी. पुण्या-मुंबईच्या पोरांना नाही असा अंधार आपल्या धानाच्या बांध्यांवर आहे. हिवाळ्यात मृग नक्षत्रातले दोन तारे, तांबूस काक्षी (बीटलज्यूस) आणि निळसर पांढरा राजन्य (रायजेल) बघ. भट्टीत तू पाहिलंच आहेस, आच वाढली की लाल विटेचा रंग पिवळसर होत जातो. ताऱ्यांचंही तसंच: काक्षीचा पृष्ठभाग साधारण ३,५०० केल्व्हिन (तापमानाचं एकक), राजन्यचा १२,००० च्या आसपास. मग एकच तारा एका झाडामागून रोज किती वाजता वर येतो ते लिही. रोज सुमारे चार मिनिटं आधी येईल, महिन्यात दोन तास. असं का, ते कागदावर स्वतः काढ, आणि जमलं की वही घेऊन माझ्याकडे ये.