दोन मितींची पुण्याई

एम.एस्सी. झालेली, पीएचडीसाठीच्या जेस्ट किंवा नेट परीक्षेचा निकाल हातात असलेली आणि 'क्वांटम इन्फर्मेशनमध्ये (अणू-फोटॉनसारख्या कणांवर माहिती साठवण्या-पाठवण्याच्या शास्त्रात) थिअरी करायचीय' म्हणणारी मुलं वर्षातून दोन-तीनदा तरी मला गाठतात. प्रश्न ठरलेले असतात: गाईड कोणता घेऊ आणि गणित किती लागतं? घरच्यांचं काय करायचं, हे कुणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

मी बार्शीचा. वडिलांची पिठाची गिरणी, आता दादा चालवतो. 2016 मध्ये पीएचडीला लागलो तेव्हा जेआरएफ, म्हणजे पहिल्या दोन वर्षांची फेलोशिप, महिन्याला 25,000 रुपये होती. आता 37,000 आहे आणि दोन वर्षांनी तिची एसआरएफ, म्हणजे वरच्या दर्जाची फेलोशिप, झाली की 42,000. आकडा बरा दिसतो. तो दर महिन्याला येतोच असं मात्र समजू नका. माझी फेलोशिप एकदा पाच महिने अडकली होती. जेआरएफची एसआरएफ होताना कागद कुणाच्या तरी टेबलावर पडून राहिले. त्या पाच महिन्यांची मेस वहिनीच्या भिशीवर चालली. म्हणून पहिल्या वर्षीच चार महिन्यांचा खर्च बाजूला टाका, आणि बढतीचे कागद मुदतीच्या दोन महिने आधी हलवायला लागा. हे कुठल्याही ओरिएंटेशनमध्ये सांगत नाहीत.

गाईडबद्दल थोडक्यात. नाव किती मोठं आहे ते बघू नका. त्यांचे शेवटचे तीन विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडले आणि त्यातला एखादा अजून त्यांच्याशी आपणहून बोलतो का, ते बघा. होस्टेलच्या मेसमध्ये अर्ध्या तासात सगळं कळतं. माझे गाईड चांगले होते, सज्जन होते आणि वर्षातले चार महिने परदेशात असायचे. मला वाटायचं, मोकळीक मिळाली. त्या मोकळिकीतच मी खड्ड्यात गेलो.

आता तो खड्डा. इथे मी जरा जास्तच बोलणार आहे. ज्यांना नको असेल त्यांनी चार परिच्छेद सोडून पुढे जावं, पण नका जाऊ.

मला एक असमता सिद्ध करायची होती. क्वांटम चॅनेलमधून, म्हणजे कणांच्या अवस्था इकडून तिकडे नेणाऱ्या वाटेतून, माहिती जाताना एक राशी दुसरीपेक्षा मोठी होऊ शकत नाही, असं काहीसं. सिद्धतेच्या मध्यावर एक पॉझिटिव्ह मॅप (एका अवस्थेची दुसरी करणारा नियम) येत होता. पॉझिटिव्ह म्हणजे वैध अवस्थेतून वैध अवस्थाच बाहेर काढणारा. कम्प्लीटली पॉझिटिव्ह असण्याची अट त्याहून कडक: ती अवस्था लांबच्या दुसऱ्या कणाशी एंटँगल झालेली, म्हणजे क्वांटम रीतीने गुंतलेली, असली तरी उत्तर वैध राहिलं पाहिजे. प्रत्यक्षातलं चॅनेल या दुसऱ्या जातीचं असावं लागतं. अवस्था मॅट्रिक्सने लिहितात; त्या मॅट्रिक्सचा साधा ट्रान्सपोज (ओळींचे स्तंभ करणं) पहिल्या अटीत बसतो, दुसरीत नापास होतो. इथवर तुम्हाला माहीत आहे. माझ्या वहीत पुढची ओळ होती: 'आता साहजिकच या मॅपचे दोन तुकडे पडतात, एक कम्प्लीटली पॉझिटिव्ह आणि दुसरा कम्प्लीटली पॉझिटिव्ह गुणिले ट्रान्सपोज.' त्यापुढे अकरा पानं आकडेमोड, आणि शेवटी सिद्धता संपल्याचा चौकोन.

ती ओळ साहजिक नाही, ते एक प्रमेय आहे. 1963 मध्ये स्टोर्मर आणि 1976 मध्ये वोरोनोविच या गणितज्ञांनी मिळून जे दाखवलं त्यातून ते येतं, आणि ते फक्त दोन मितींतून दोन मितींत (मिती म्हणजे मॅट्रिक्सच्या ओळींची संख्या) किंवा दोन-तीन अशा जोडीतच खरं आहे. तीन मितींतून तीन मितींत गेलं की ते कोसळतं. चोईने 1975 मध्येच 3×3 मॅट्रिक्सवरचा असा एक मॅप दिला होता, जो पॉझिटिव्ह आहे पण ज्याचे असे तुकडे पडतच नाहीत. म्हणजे माझा जन्मही झाला नव्हता तेव्हापासून माझी सिद्धता चुकलेली होती. मी क्यूबिटवर, म्हणजे दोन मितींच्या सर्वांत साध्या क्वांटम प्रणालीवर, वाढलो, सगळी उदाहरणं क्यूबिटवर सोडवली, आणि क्यूबिटला वाडवडिलांकडून मिळालेली पुण्याई सगळ्या मितींची कमाई समजलो.

बरं, मी तपासलं नव्हतं असंही नाही. रात्र रात्र संगणक चालवला. दोन मितींत लाखो यादृच्छिक अवस्था टाकल्या, तीन मितींतही हजारो. एकही उदाहरण असमता मोडेना. हा खड्ड्यातला दुसरा खड्डा आहे. यादृच्छिक निवडीत नेहमीचीच गर्दी येते. माझी असमता मोडणारी उदाहरणं एका चिंचोळ्या कोपऱ्यात होती आणि तिथे माझा एकही फासा पडला नाही. म्हणून कुठलाही अंदाज आधी बदनाम उदाहरणांवर घासून बघा: वेर्नर अवस्था, चोईचा मॅप, आंशिक (जोडीतल्या एकाच कणाचा) ट्रान्सपोज केल्यावरही पॉझिटिव्हच राहणाऱ्या 3×3 मधल्या एंटँगल्ड अवस्था. ही गुन्हेगारांची यादी वहीच्या मागच्या पानावर हवी. आणि लगेच उलट टोकाचा विश्वासही नको. चॅनेलची क्षमता ॲडिटिव्ह असते, म्हणजे दोन चॅनेल एकत्र वापरले तरी क्षमतेची नुसती बेरीजच होते, असं पुष्कळ जाणकार मानत होते. पीटर शोरने 2004 मध्ये असे चार वेगवेगळे प्रश्न मुळात एकच आहेत हे दाखवलं. लहान मितींत शोधून कुणाला अपवाद सापडत नव्हता. 2009 मध्ये हेस्टिंग्जने अवाढव्य मितीत यादृच्छिक चॅनेल घेऊनच तो अंदाज मोडला. तिथे फासे उपयोगी पडले, माझ्या तीन मितींत नाही पडले. का, ते समजायला मला पुढची दोन वर्षं लागली.

चौदा महिने गेल्यावर आमच्या सेमिनारमध्ये मी हे सगळं मांडलं. मागच्या रांगेत गणित विभागाचे एक निवृत्तीला आलेले सर बसले होते, चहासाठी आले असावेत असं मला वाटलं. मितींच्या संख्येला आम्ही एन म्हणतो. त्यांनी एवढंच विचारलं, "तुमचा एन किती?"

"कितीही, सर."

"मग तीन घ्या आणि चोईचा मॅप घालून बघा."

संध्याकाळी वीस मिनिटांत उत्तर आलं. डावी बाजू उजवीपेक्षा मोठी. मी लॅपटॉप मिटला आणि रात्रीचं जेवायला गेलो नाही.

त्यानंतर माझं एक मत पक्कं झालंय, पटलं तर घ्या. थिअरी करणाऱ्या फिजिक्सच्या पोराने आठवड्यातून एकदा गणित विभागात चहा प्यावा. आमच्याकडे 'साहजिकच' फार स्वस्त असतं, त्यांच्याकडे त्याचे पैसे पडतात. यूट्यूबवरची लेक्चरं दुप्पट वेगाने बघणं आणि 'क्वांटम'ची सर्टिफिकेटं गोळा करणं, हे शॉर्टकट नव्हेत, वेळ घालवायचे सभ्य प्रकार आहेत. आणि आपल्या प्रत्येक 'साहजिकच'शेजारी ते कुणाचं प्रमेय आहे आणि कुठल्या मितीपर्यंत चालतं, ते पेन्सिलीने लिहा. पेन्सिलीनेच, कारण बऱ्याचदा ते खोडावं लागतं.

चौदा महिने वाया गेले का? बरेचसे गेले. खोटं कशाला बोलू? दोन मितींपुरती असमता खरी होती, तिचा छोटा पेपर झाला. तीन मितींत ती किती मोडते, याचा थिसिसमध्ये एक अख्खा चॅप्टर झाला, आणि परीक्षकांना तोच आवडला. तेव्हा तुमचंही असं काही कोसळलं तर लगेच विषय बदलू नका. पंधरा दिवस घरी जाऊन या.

मी नाही गेलो. तिसऱ्या वर्षी, याच दिवसांत, वडिलांना अर्धांगाचा झटका आला. मला कळलं अकरा दिवसांनी. दादा फोनवर म्हणाला, "तुझं काहीतरी महत्त्वाचं चालू होतं ना, म्हणून नाही सांगितलं." तेव्हा माझं काहीच चालू नव्हतं. मी होस्टेलच्या खोलीत छताकडे बघत पडायचो आणि घरी सांगायचो, काम जोरात आहे, नंतर बोलतो. दोन वर्षं असं सांगून सांगून मीच त्यांना फोन न करण्याची सवय लावली होती.

गावी गेलो तेव्हा दादाने गिरणी बंद ठेवून दवाखाना केलेला, दाढी वाढलेली. तो काही बोलला नाही. वहिनी बोलली. चहाचा कप ठेवला आणि म्हणाली, "भाऊजी, जमत नाही असं सांगा, आम्ही समजून घेऊ. पण जमतंय असं सांगू नका." मला अजूनही त्या वाक्याची भीती वाटते.

तेव्हापासून रविवारी रात्री दादाला फोन करून आठवड्यात काय बिनसलं ते सांगायचं, असं मी ठरवलं. सुरुवातीला त्याला काही कळायचं नाही, मग कळायला लागलं. एकदा त्याला बीबी84 समजावलं. बेनेट आणि ब्रासार यांनी ते 1984 मध्ये मांडलं ते आपल्या बेंगळुरूच्या परिषदेत, हे ऐकून तो खूश झाला. गुप्त किल्ली फोटॉनवरून पाठवायची, मध्ये कुणी डोकावलं तर चुका वाढतात, नेहमीच्या एकमार्गी पद्धतीत चुका साधारण 11 टक्क्यांच्या वर गेल्या की किल्ली टाकून द्यायची. दादा म्हणाला, "म्हणजे चोर थांबत नाही. चोर आला होता एवढं कळतं." वर्तमानपत्रं 'अभेद्य सुरक्षा' छापतात त्यापेक्षा हे जास्त बरोबर आहे. मी तेच वाक्य थिसिसच्या तोंडी परीक्षेत, व्हायव्हात, वापरलं.

थिअरीवाल्यांनी प्रयोगशाळेत जावं ते याचसाठी. फायबरमध्ये दर किलोमीटरला सुमारे 0.2 डेसिबल प्रकाश गळतो. 100 किलोमीटरवर शंभरात एक फोटॉन पोचतो. हा आकडा माहीत नसताना मी 'आदर्श चॅनेल घेऊ' असं तीन वर्षं लिहीत होतो. इस्रोने 2021 मध्ये अहमदाबादला मोकळ्या हवेतून 300 मीटरवर किल्ली पाठवून दाखवली, तेव्हा आमच्यातले काही नाकं मुरडत होते, एवढंच का म्हणून. त्यांना एकदा दोन गच्च्यांवरच्या दुर्बिणी एकमेकींसमोर जुळवायला लावलं पाहिजे.

राष्ट्रीय क्वांटम मिशन 2023 मध्ये मंजूर झालं, 6,003.65 कोटींचं. त्यामुळे 'क्वांटम'ला आता नोकरी आहे असं तुमच्या काकांनी ऐकलं असेल. आहे, पण उपकरणं बनवणाऱ्याला आधी. प्रमेयं लिहिणाऱ्याने थोडं कोडिंग आणि थोडी ऑप्टिक्स पदरात ठेवावी. माझ्या पदरात नव्हती, पहिला पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची संशोधनाची नोकरी, मिळायला नऊ महिने लागले.

मुलींसाठी एक वेगळी गोष्ट: युजीसीच्या 2016 च्या नियमांपासून पूर्ण पीएचडीत एकदा 240 दिवसांपर्यंत बाळंतपणाची किंवा बालसंगोपनाची रजा घेता येते. माझ्या एका बॅचमेटला हे विभागात कुणी सांगितलं नाही. तिने स्वतः नियम छापून नेला. तुम्हीही छापून न्या.

एंटँगलमेंट ओळखायची आंशिक ट्रान्सपोजची कसोटी पेरेसने 1996 मध्ये सुचवली. ती दोन-दोन आणि दोन-तीन मितींतच पुरेशी आहे, हे त्याच वर्षी तीन होरोडेत्स्कींनी सिद्ध केलं: वडील आणि त्यांची दोन मुलं. माझ्या खड्ड्याचा नकाशा त्या एका पेपरात होता आणि मी तो फक्त चाळला होता. दादाला हे सांगितलं, तर म्हणाला, आपण बापलेकांनी मिळून काय केलं? मी म्हटलं, गिरणीचा पट्टा बदलला. "तो अजून चालतोय," दादा म्हणाला.

वडील आता काठी घेऊन गिरणीपर्यंत येतात, बाकावर बसतात. भिशीचे पैसे मी मागच्या वर्षी वहिनीला परत केले. तिने मोजून घेतले. रविवारचा फोन चालू आहे; परवा मी एका नव्या असमतेबद्दल जरा उत्साहात बोलत होतो, तर पलीकडून गिरणीच्या आवाजातून दादा ओरडला, "एन किती घेतलायस?"