फ्लॅटचं रिनोव्हेशन करताय? या चुका टाळा

ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यात १८ वर्षं मी फ्लॅटची कामं करून घेते आहे. पहिल्या भेटीत बहुतेक जण मोबाइल पुढे करून फोटो दाखवतात. सीलिंगमधले लपवलेले दिवे, टीव्हीमागचं पॅनल, चकचकीत ट्रॉल्या. हौस असायलाच हवी. पण इमारत २५-३० वर्षांची असेल तर पैसा आधी पाइप, वायर आणि वॉटरप्रूफिंगवर घाला. उरेल त्यात सीलिंग करा, नाही उरलं तर पुढच्या वर्षी करा.

बाथरूममध्ये पाणी भरून न ठेवणं

या एका चुकीपायी मी जेवढी भांडणं पाहिली, तेवढी दुसऱ्या कशाने पाहिली नाहीत.

काम असं चालतं. जुन्या लाद्या आणि खालचा भराव काढायचा, नवा नहाणी ट्रॅप (जाळीखालचा, पाणी पाइपमध्ये नेणारा भाग) बसवायचा, भिंत आणि जमीन मिळते त्या कोपऱ्यात सिमेंटची गोलाई काढायची आणि मग वॉटरप्रूफिंग केमिकलचे दोन हात द्यायचे. दुसरा हात पहिल्याला आडवा. चारी भिंतींना निदान फूटभर वर, शॉवरच्या भिंतीला सहा-सात फूट. हे वाळलं की ट्रॅपला बोळा मारून तीन इंच पाणी भरायचं आणि थांबायचं. हे थांबणंच लोकांना जमत नाही.

काही वर्षांपूर्वी डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर एक काम होतं. जुलै संपत आला होता आणि घरच्यांना गणपतीच्या आत सगळं आटोपायचं होतं. पाणी भरून एक रात्र झाली आणि सकाळी मालक म्हणाले, "ताई, खाली काही गळलं नाही. झालं ना आता? लादीवाला परवा गावाला चाललाय, आजच हात लावू दे त्याला." मी हो म्हटलं.

गणपती छान बसले. दिवाळीच्या तोंडावर खालच्या मजल्यावरच्या आजींचा फोन आला, "बाई, तू येऊन बघून जा." गेले. ओल बाथरूमच्या छतातून सरकत शेजारच्या स्वयंपाकघरापर्यंत आली होती. थेंब नेमका डब्यांच्या फळीवर पडत होता. आजींनी रव्याचा डबा उघडून माझ्यापुढे धरला, आत रव्याचे दगडासारखे गोळे झाले होते. त्या एक शब्द वाकडा बोलल्या नाहीत, म्हणून मला जास्तच लागलं.

वर जाऊन लाद्या फोडल्या तर ट्रॅपच्या गळ्याभोवती केसाएवढी फट. अशा फटीतून पाणी झिरपतं ते आधी स्लॅब पितो. खालच्या छतावर डाग उठायला दोन-तीन दिवस लागतात, एका रात्रीत काही दिसत नाही. नवं बाथरूम परत फोडलं, अर्धा खर्च मी उचलला, आणि ते कुटुंब १२ दिवस शेजाऱ्यांकडे आंघोळीला जात होतं.

तेव्हापासून ७२ तासांच्या आत मी लादीवाल्याला दारात उभं करत नाही. पाण्याच्या पातळीला भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारते. त्याच बाथरूममध्ये पाण्याची एक बादलीही ठेवते आणि तिच्यातही खूण करते. उन्हाळ्यात थोडं पाणी उडून जातंच. बादलीत जेवढं उतरलं त्याच्यापेक्षा जमिनीवरचं जास्त उतरलं असेल तर कुठेतरी मुरतंय. तिसऱ्या दिवशी खालच्या घरी जाऊन छताला हात लावून बघते. खालच्या छताचे फोटो मात्र तोडफोड सुरू करायच्या आधीच काढून ठेवते, म्हणजे जुना डाग कोणता आणि नवा कोणता यावर वाद होत नाही.

उताराचंही तसंच. पाच फुटांना पाऊण इंच उतार ट्रॅपकडे मिळालाच पाहिजे. लादी बसली की मी एक तांब्या पाणी ओतते आणि ते कुठे जातं ते बघते. गवंड्याने लेव्हल दाखवली तरी ओतते.

आणि खालच्यांच्या बेडरूमवर किंवा देवघरावर येईल अशा जागी बाथरूम सरकवायचा विचारही करू नका.

सिंकखाली साधा प्लाय

सुतार म्हणतो, "मॅडम, आतून कोण बघतंय?" आतून पाणी बघतं. सिंकखालच्या खणात पाइपचा घाम, भांड्यांचं ठिबकणं, ओला पोछा सगळं असतं. साधा कमर्शियल प्लाय तिथे वर्ष-दोन वर्षांत फुगतो, कडेचा सनमायका सुटतो आणि बिजागऱ्या स्क्रूसकट हातात येतात. तिथे आयएस ७१० (पाण्यात टिकणाऱ्या प्लायचं भारतीय मानक) चा शिक्का असलेला मरीन प्लायच लावा. शिक्काही खोटा मारलेला असू शकतो, म्हणून मी प्रत्येक लॉटमधला चार इंचांचा तुकडा कापून घरी आणते आणि जुन्या पातेल्यात तीन-चार तास उकळते. थर सुटले की अख्खा माल परत. दुकानदार तोंड वाकडं करतो, करू दे. सगळ्या घराला मरीन प्लायची गरज नाही. बेडरूमच्या कपाटाला आतून चांगला कमर्शियल चालतो.

ओट्याची उंची विचारून न घेणं

इकडे सगळे ३२-३३ इंचांवर ओटा बांधतात. घरात पोळ्या कोण लाटतं ते आधी विचारा. एका घरी सासरे स्वयंपाक करायचे, पावणेसहा फूट उंच, आणि जुन्या ओट्यावर वाकून त्यांची कंबर गेली होती. मी त्यांना साइटवर बोलावलं, विटांवर फळी टाकली, वर पोळपाट ठेवला आणि लाटायला सांगितलं. एकेक वीट, मग लादीचे तुकडे चढवत ३६ इंचांवर त्यांचे खांदे सैल पडले. तीच उंची धरली.

आणखी काही थोडक्यात:

कॉलम आणि बीमला हात लावायचा नाही, वायर-पाइपसाठी झिरीसुद्धा (खाच) मारायची नाही. जुन्या लोड बेअरिंग इमारतीत तर भिंतीच स्लॅब पेलतात, तिथे स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या लेखी होकाराशिवाय एक वीटही काढू नका.

पंखा स्लॅबच्या हुकालाच टांगा, जिप्सम सीलिंगला कधीच नाही.

रंग आणि पॉलिश पावसाळ्यात करू नका. पुट्टी वाळत नाही, लाकडावरचं पॉलिश पांढरं पडतं. दसऱ्यानंतर करा.

सोसायटीचं पत्र आणि राडारोडा उचलण्याची सोय आधी, हातोडा नंतर.

ठेकेदाराला निम्मे पैसे आगाऊ देऊ नका. जेवढं काम उभं राहिलं तेवढेच द्या.

वायरिंगचा फोटो न काढणं

एसी आणि गिझरला ४ स्क्वेअर मिलिमीटरची वायर, साध्या दिव्यांना दीडची, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की वीज तोडणारा स्विच. यात काटकसर नको. फर्निचरचा नकाशा पक्का झाल्याशिवाय पॉइंट मारू नका, नाहीतर अर्धे बटण कपाटामागे जातात आणि मग एक्स्टेंशन बोर्ड लोंबकळतात.

झिऱ्या बुजवायच्या आधी प्रत्येक भिंतीला मेजरिंग टेप लावून फोटो काढा. एक टेप जमिनीपासून उभा, एक कोपऱ्यापासून आडवा, आकडे स्पष्ट दिसतील असा. पाच मिनिटांचं काम आहे, तरी बहुतेक जण करत नाहीत. मागच्या महिन्यात चार वर्षांपूर्वीच्या एका घरातून फोन आला. देव्हारा भिंतीवर लावायचा होता आणि ड्रिलवाला दारात उभा होता. मी फोटो पाठवला. गिझरची पाइप कोपऱ्यापासून २२ इंचांवर होती, त्यांनी पेन्सिलीने खूण केली होती २३ वर.