एफटीपी सर्व्हर सांभाळताना: खाती, परवानग्या आणि अर्धवट फायली

एफटीपी सर्व्हरचं, म्हणजे नेटवर्कवरून फायली चढवायच्या-उतरवायच्या सर्व्हरचं, काम नव्याने हातात घेणाऱ्यांना मी आधी एवढंच सांगते: प्रत्येक माणसाला स्वतंत्र खातं. "सगळ्यांना मिळून एकच लॉगिन द्या" ही मागणी हमखास येते, ती मान्य करू नका. फाइल कोणी डिलीट केली हे लॉगमध्ये शोधायला जाल, तर सगळीकडे एकच नाव दिसेल.

खातं उघडलं की युजरला त्याच्याच फोल्डरपुरतं बांधून ठेवायचं. लिनक्सवर व्हीएसएफटीपीडी या एफटीपी सर्व्हर प्रोग्रॅममध्ये त्यासाठी सीएचरूट (युजरला ठरलेल्या फोल्डरबाहेर जाऊ न देणारी सोय) चालू केलं की बरेचजण '५०० ऊप्स' या एररवर अडकतात. ज्या फोल्डरमध्ये युजरला बांधलं, त्या फोल्डरवरच त्याला राइट परवानगी असेल तर सर्व्हर त्याला आत घेत नाही. ही तपासणी बंद करायची सेटिंग आहे, पण मला तो मार्ग पटत नाही. वरच्या फोल्डरची मालकी रूटकडे (मुख्य अॅडमिन खात्याकडे) ठेवा, युजरची राइट परवानगी काढा, आत 'अपलोड' फोल्डर करून तेवढंच त्याच्या नावावर करा.

तक्रार आली की एररचा आकडा विचारा. ५३० असेल तर लॉगिनच झालेलं नाही. ५५० म्हणजे लॉगिन झालंय, पण फाइल सापडत नाही किंवा परवानगी नाही. अशा वेळी घाईने ७७७ (सगळ्यांना सगळ्या परवानग्या) देऊन मोकळं होऊ नका, मालक आणि ग्रुप तपासा. ४२५ म्हणजे डेटा कनेक्शन उघडलं नाही; तो दिसला तर कारण बहुतेक वेळा फायरवॉल. पोर्ट २१ उघडलेलं असतं, पण पॅसिव्ह मोडच्या (यात डेटासाठी सर्व्हर सांगेल त्या पोर्टवर क्लायंट जोडतो) पोर्टची रेंज उघडायची राहून जाते.

फायलींच्या बाबतीत जास्त त्रास अर्धवट अपलोडचा. मोठी फाइल चढत असतानाच दुसरा प्रोग्रॅम ती उचलतो आणि पुढचा सगळा डेटा बिघडतो. म्हणून अपलोड तात्पुरत्या नावाने करायचं, उदाहरणार्थ शेवटी 'पार्ट' लावून, आणि पूर्ण झाल्यावरच रीनेम. उचलणाऱ्या प्रोग्रॅमला 'पार्ट'वाल्या फायली वगळायला सांगायचं. झिप किंवा फोटो उघडत नसेल तर ट्रान्सफर आस्की मोडमध्ये (साध्या मजकुराच्या फायलींसाठीचा मोड) झालंय का बघा. तिथे फाइल जशीच्या तशी नेणारा बायनरी मोडच हवा.

साध्या एफटीपीत पासवर्ड उघडाच जातो. या प्रोटोकॉलचा पहिला मसुदा १९७१ चा, तेव्हा एन्क्रिप्शनचा विचारच नव्हता. नवीन सर्व्हरवर एफटीपीएस (एन्क्रिप्शन जोडलेलं एफटीपी) किंवा एसएफटीपीच घ्या. एसएफटीपी हे एसएसएच या सुरक्षित रिमोट लॉगिनच्या प्रोटोकॉलवर, सहसा पोर्ट २२ वर चालतं, त्यामुळे त्याच्या परवानग्या एसएसएचच्या सेटिंगमध्ये बघाव्या लागतात.

कोणी काम सोडून गेलं तर खातं लगेच उडवू नका. आधी लॉक करा, फायलींची मालकी दुसऱ्याकडे द्या, त्या खात्यावर एखादी रात्रीची स्क्रिप्ट चालत नाही ना ते लॉगमध्ये तपासा, मगच काढा.