फ्रेंच वाइनच्या चाखणीची पूर्वतयारी

फ्रान्सच्या अभिजात वाइन एका संध्याकाळी ओळखून घ्यायच्या असतील, तर दुकानात जाण्याआधी लेबल वाचण्याची तयारी करावी. तिथल्या जुन्या प्रदेशांतल्या बाटल्यांवर बहुधा द्राक्षाची जात लिहिलेली नसते, गाव किंवा मळा लिहिलेला असतो. अल्सास हा त्याला ठळक अपवाद. म्हणून शाब्ली म्हणजे शार्दोने, बर्गंडीची लाल वाइन म्हणजे पिनो न्वार आणि बोर्दोची लाल वाइन म्हणजे मुख्यतः कॅबर्ने सोव्हिन्यों व मर्लो यांचे मिश्रण, एवढे तरी टिपून ठेवावे. ज्यांनी नाशिकची शेनिन ब्लां चाखली आहे, त्यांनी लोआर खोऱ्यातली वूव्रे जरूर शोधावी, कारण द्राक्ष तेच आहे. लेबलवर ‘अपेलासियों’ (वाइनच्या उगमस्थानाचे नियमबद्ध नाव) हा शब्दही पाहावा. फिलोक्सेरा किडीने द्राक्षमळे उद्ध्वस्त केल्यानंतर बनावट वाइनचा सुळसुळाट झाला आणि त्याला आळा घालण्याच्या प्रयत्नांतूनच 1935 साली गावनिहाय नियमांची ही राष्ट्रीय व्यवस्था उभी राहिली.

पाच बाटल्या पुरेशा आहेत: शॅम्पेन, शाब्ली, लाल बर्गंडी, लाल बोर्दो आणि सोतेर्न, आणि चाखायच्याही याच क्रमाने. प्रत्येकाला 60 मिली धरले तर 750 मिलीची बाटली बारा जणांना पुरते. सोतेर्न गोड आणि महाग असल्याने तिची अर्धी बाटली मिळाल्यास तीच घ्यावी आणि पेले निम्मेच भरावेत.

बर्गंडीची बाटली निवडताना सर्वांत जास्त वेळ द्यावा. ड्यूक फिलिप द बोल्ड याने 1395 मध्ये गामे जातीच्या वेली उपटण्याचे फर्मान काढले, तेव्हापासून पिनो न्वार हीच या भागातल्या लाल वाइनची ओळख ठरत गेली. सिस्टर्शियन पंथाच्या ख्रिस्ती मठवासीयांनी भिंत घालून जपलेला क्लो द वूजो हा मळा जेमतेम 50 हेक्टरांचा, फ्रेंच क्रांतीनंतरची विक्री आणि वारसाहक्काच्या वाटण्या होत होत तो आज सुमारे 80 मालकांत विभागला गेला आहे (भाऊबंदकी काय फक्त आपल्याकडेच असते?). एकाच भिंतीच्या आत पिकलेली, एकाच नावाने विकली जाणारी वाइन मालकागणिक वेगळी निघते, तेव्हा मळ्याच्या नावाबरोबर उत्पादकाचे नावही विचारून घ्यावे. स्वतःचे नाव आणि ठरलेली हद्द असलेल्या अशा मळ्यांना तिकडे ‘क्लिमा’ म्हणतात आणि 2015 मध्ये युनेस्कोने त्यांची जागतिक वारशात नोंद केली.

बोर्दोच्या बाबतीत मोठ्या नावांचा मोह टाळावा. पॅरिसच्या प्रदर्शनासाठी 1855 मध्ये दलालांनी बाजारभावावरून लावलेली तिथल्या वाइन-उत्पादकांची श्रेणी आजही जवळजवळ जशीच्या तशी आहे. त्यांपैकी मूतों रोथशील्डला 1973 मध्ये पहिल्या श्रेणीत बढती मिळाली, हाच त्यातला मोठा बदल. पहिल्या ओळखीसाठी बोर्दोतल्याच ओ-मेदोक भागाची साधी बाटली चालेल, मात्र तिचा तुरटपणा जरा निवावा म्हणून ती तासभर आधी काचेच्या सुरईत ओतून ठेवावी.

शॅम्पेन 8 ते 10 अंशांवर, शाब्ली 10 ते 12, बर्गंडी 14 ते 16 आणि बोर्दो 16 ते 18 अंशांवर द्यावी. आपल्याकडच्या उन्हाळ्यात लाल वाइनही अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावी लागते, यात संकोच करू नये. शॅम्पेनमध्ये बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवण झाल्याने आत बराच दाब असतो. तार सैल केल्यापासून बुचावरचा अंगठा काढू नये, बाटली तिरपी धरून बूच घट्ट पकडावे आणि बाटली हळूहळू फिरवावी, म्हणजे ते हलक्या सुस्काऱ्यासारखा आवाज करत सुटते.

सोबत साधा पाव, शेळीच्या दुधाचे चीज आणि सोतेर्नसाठी थोडे रोकफोर हे निळ्या बुरशीचे चीज असावे. तिखट फरसाण त्या दिवशी डब्यातच राहू द्यावे, कारण मिरचीने टॅनिनचा (लाल वाइनमधल्या तुरट घटकाचा) तुरटपणा आणि मद्याची जळजळ दोन्ही वाढतात. उरलेल्या बाटल्यांना बूच लावून त्या फ्रिजमध्ये ठेवाव्यात. लाल वाइन दोन-तीन दिवसांत संपवावी, सोतेर्न मात्र आठवडाभर सहज टिकते.