रीड्स जीनोमवर जुळवताना या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात महाप्याच्या एमआयडीसीतल्या आमच्या लॅबमध्ये एक होल जीनोम सॅम्पल दोन दिवस अडकून पडलं. हिमोग्लोबिनच्या तपासणीत सिकलसेल स्पष्ट दिसत होता, पण आयजीव्ही (जुळवलेला डीएनए स्क्रीनवर दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून सिकलसेलच्या जागेवर पाहिलं तर बदलाचा मागमूस नाही. सॅम्पलची अदलाबदल झाली की काय, या धास्तीने नळ्यांवरची लेबलं तीनदा तपासून झाली. शेवटी नुकतीच रुजू झालेली मुलगी म्हणाली, "सर, ही जागा कुठल्या बिल्डमधली आहे?"

घोळ तिथेच होता. बिल्ड म्हणजे तुलनेसाठी वापरायच्या प्रमाण जीनोमची (रेफरन्सची) आवृत्ती; जीआरसीएच ३७ जुनी, ३८ नवी. ११ व्या क्रोमोसोमवरची सिकलसेलची जागा जीआरसीएच ३७ मध्ये ५२,४८,२३२ आहे आणि ३८ मध्ये ५२,२७,००२. रीड्स, म्हणजे मशीनने वाचलेले डीएनएचे छोटे तुकडे, ३८ वर जुळवलेले, आणि जागा जुन्या एक्सेलमधली, ३७ ची. एकवीस हजार बेस (डीएनएची अक्षरं) बाजूला जाऊन आम्ही भलतंच अक्षर न्याहाळत बसलो होतो.

म्हणून कुठलीही बॅम फाइल (जुळवलेल्या रीड्सची फाइल) हातात आली की आधी हेडर, म्हणजे तिच्या सुरुवातीची माहिती, वाचा. पहिल्या क्रोमोसोमची लांबी २४,८९,५६,४२२ असेल तर ३८, आणि २४,९२,५०,६२१ असेल तर ३७. फाइलच्या नावावर विश्वास ठेवू नका. नावं माणसं देतात आणि घाईत देतात. त्याच हेडरमध्ये 'सीएचआर १' लिहिलंय की नुसतं '१', तेही बघून घ्या. बेड फाइलमध्ये (तपासायच्या जागांच्या यादीत) एक आणि बॅममध्ये दुसरं असलं, तर काही टूल्स एरर देतात आणि काही गुपचूप रिकामी फाइल हातात ठेवतात. रिकामी फाइल जास्त घातक, कारण ती 'काही सापडलं नाही' अशी वाचली जाते.

बरोबर जागी पोचल्यावरही नवखी माणसं एका गोष्टीने बिचकतात. पुस्तकात सिकलसेलचा बदल 'ए चा टी' असतो आणि स्क्रीनवर 'टी चा ए' दिसतो. यात चूक काहीच नाही. हा बदल ज्यात होतो ते बीटा ग्लोबिनचं जीन डीएनएच्या उलट्या स्ट्रँडवर (धाग्यावर) आहे, एवढंच.

दुसरी मोठी चूक मॅपिंग क्वालिटीकडे (रीड बरोबर जागी बसल्याची खात्री सांगणाऱ्या आकड्याकडे) दुर्लक्ष करण्याची. ३० पट कव्हरेजला (प्रत्येक जागा सरासरी ३० वेळा वाचायला) १५० बेसचे साठ कोटींच्या वर रीड्स लागतात, आणि त्यातल्या बऱ्याच रीड्सना जीनोममध्ये एकाहून जास्त घरं असतात. अशा रीडला अलायनर (रीड्स जुळवणारं सॉफ्टवेअर) शून्य क्वालिटी देतो आणि बहुतेक व्हेरियंट कॉलर (बदल शोधणारी सॉफ्टवेअर्स) तो वाचतच नाहीत. अल्फा ग्लोबिनची दोन जीन्स जवळपास जुळी आहेत, त्यामुळे तिथे हे हमखास होतं. आपल्या ठाणे जिल्ह्यात उल्हासनगरची सिंधी वस्ती मोठी आहे, त्या समाजात बीटा थॅलेसेमियाचे वाहक तुलनेने जास्त आढळतात, आणि सोबत अल्फाचं डिलिशन (जीन गळालेलं) असेल तर आजाराची तीव्रता बदलते. म्हणून अल्फाच्या जागी व्हीसीएफ (सापडलेल्या बदलांची फाइल) कोरी दिसली तर 'नॉर्मल' लिहू नका. गॅप-पीसीआर किंवा एमएलपीए या डिलिशन शोधणाऱ्या चाचण्यांनी खात्री करून घ्या. समोर लग्न ठरलेलं किंवा बाळाची वाट पाहणारं जोडपं असतं.

क्वालिटी भलत्याच ठिकाणी शून्यावर आली असेल, तर रेफरन्स तपासा. ३८ मध्ये काही भागांच्या पर्यायी प्रतीही आहेत. बीडब्ल्यूए या अलायनरला त्यांची वेगळी यादी दिली नाही, तर चांगले रीड्ससुद्धा दोन घरांत विभागले जातात. पर्यायी प्रती वगळलेला अ‍ॅनालिसिस सेट वापरलात की हा त्रास संपतो.

डुप्लिकेट (एकाच जागी सुरू होणारे, म्हणून एकाच तुकड्याच्या प्रती समजले जाणारे रीड्स) काढण्याची पायरीही सवयीने लावू नका. अ‍ॅम्प्लिकॉन पॅनलमध्ये (जिथे प्रायमर लावून ठराविक भागच वाढवून वाचतात) सगळे रीड्स प्रायमरपाशीच सुरू होतात. तिथे डुप्लिकेट मार्क केलेत, तर हजाराचं कव्हरेज क्षणात दोन-चारवर येतं. रीड ग्रुप (रीड्स कुठल्या सॅम्पलचे ही नोंद) लिहायचा राहिला तर जीएटीके हे सॉफ्टवेअर लगेच अडवतं, ती चूक लपत नाही.

२०२२ मध्ये बिल्डमधल्या रिकाम्या जागा भरलेला पूर्ण मानवी जीनोम प्रसिद्ध झाला, तर आता त्यावरच का जुळवू नये, असं मुलं विचारतात. संशोधनासाठी जरूर जुळवा. पण रुग्णाच्या रिपोर्टसाठी लागणारे बहुतेक डेटाबेस अजून ३७ आणि ३८ च्याच जागा सांगतात. आमच्या रिपोर्टवर आता प्रत्येक जागेशेजारी बिल्ड छापलेला असतो, आणि ती जुनी एक्सेल आम्ही डिलीट केली आहे.