व्हीसीडीची डीव्हीडी करताय? आधी या चुका टाळा

दर लग्नसराईत मला एकाच तऱ्हेचे फोन येतात. "काकाजी, आमच्या लग्नाच्या तीन सीड्या आहेत, त्याची एक डीव्हीडी करून राहिलो, पण आवाज मागं पडून राहिला." या सीड्या म्हणजे व्हीसीडी, टीव्हीवर चित्र दाखवणाऱ्या जुन्या सीड्या. मी विचारतो, सीडीवरून फाइल घेतली कशी? उत्तर ठरलेलं: "कॉपी-पेस्ट." मग मी आधी चहा मांडतो, कारण पुढचं बोलणं लांबणार हे ठाऊक असतं.

"डीव्हीडी कशाला, पेनड्राइव्हवर दे ना," असं नातवंडं म्हणतात, आणि त्यांचं चूक नाही. पण नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या मावशीला टीव्हीखालचा प्लेअर आणि त्याच्या रिमोटचं एक बटण एवढंच कळतं. दुसरं काही शिकायची तिची इच्छाही नाही. अशा मावश्या नागपुरात अजून पुष्कळ आहेत.

सीडी वाचतानाची घाई

दहातली आठ भानगड इथेच होते, आणि लोक ती शोधतात भलतीकडे. कॉम्प्युटरच्या फाइली ठेवायच्या साध्या डेटा सीडीच्या एका सेक्टरमध्ये, म्हणजे माहितीच्या एका छोट्या कप्प्यात, २०४८ बाइट माहिती असते आणि बरीचशी उरलेली जागा चुका दुरुस्त करण्यासाठी राखलेली असते. व्हीसीडीचा साचा १९९३ साली ठरला, तेव्हा ही जादा दुरुस्तीची जागाही चित्राला देऊन टाकली. सेक्टरमागे २३२४ बाइट. म्हणून तर एका सीडीत ७४ मिनिटांचं लग्न मावतं. पण त्याची किंमत अशी, की ज्या ओरखड्याला एक्सेलची फाइल दाद देत नाही, त्याच ओरखड्यावर व्हीसीडी कोलमडते.

हे मला पुस्तकात वाचून नाही, घरच्यांसमोर तोंडघशी पडून कळलं. बहिणीच्या लग्नाला २० वर्षं झाली म्हणून संध्याकाळी सगळे जमणार होते आणि मी दुपारी तीनला कामाला बसलो. पहिली सीडी नीट आली. दुसरी ३८व्या मिनिटाला अडकली, 'सायक्लिक रिडंडन्सी'चा, म्हणजे माहिती नीट वाचता येत नसल्याचा, निरोप आला. बाहेर ४५ अंश, कूलर गरम हवा फेकतोय, आणि हातात दोन तास. मी एक सॉफ्टवेअर लावलं, जे वाचता न येणारा भाग सोडून पुढे जातं. शिवाय हुशारी करून चित्र आणि आवाज वेगवेगळ्या फाइलींत काढले.

संध्याकाळी पडद्यावर अंतरपाट सरला, हार पडले, पाहुणे अक्षता टाकून जेवणाच्या दिशेने वळलेसुद्धा, आणि मग भटजींचं "सावधान" ऐकू आलं. मागून भाऊजी म्हणाले, "काहून बे, भटजी मागंच राहून गेले काय?" तो प्रश्न मला आजही प्रत्येक कार्यक्रमात विचारला जातो.

झालं असं होतं: ओरखड्यापाशी चित्राचा जास्त भाग गेला, आवाजाचा कमी. दोन्ही एकत्र असते तर त्यांच्यावरच्या वेळेच्या खुणा पाहून प्लेअरने बऱ्यापैकी जमवून घेतलं असतं. मी ते वेगळे केले आणि त्या खुणाच पुसल्या. त्यामुळे तिथून शेवटपर्यंत आवाज तेवढाच मागे.

आता माझी सवय अशी. सीडी मऊ सुती कापडाने मधून कडेकडे पुसायची, गोल गोल नाही. टूथपेस्टचा उपाय सांगणाऱ्याला मी माझ्या सीड्यांना हात लावू देत नाही. मग फाइल ओढून न घेता व्हीसीडीगियर किंवा आयसोबस्टर या सॉफ्टवेअरने नीट एमपीजी (चित्र-आवाज एकत्र असलेली व्हिडिओ फाइल) म्हणून काढायची. सीडीवरच्या डॅट फाइलचं (व्हीसीडीतली मूळ व्हिडिओ फाइल) नाव बदलून एमपीजी करणारे बरेच भेटतात. कधी चालतंही, पण आत सेक्टरचा कचरा तसाच राहतो आणि डीव्हीडी बनवणारं सॉफ्टवेअर मध्येच तोंड फिरवतं. सीडी अडकली तर दुसरा ड्राइव्ह. माझ्याकडे पिवळा पडलेला एक जुना रायटर (सीडी लिहिणारा ड्राइव्ह) आहे, लॅपटॉपचा नाजूक ड्राइव्ह जिथे हात टेकतो तिथे तो खरखर करत का होईना, वाचून काढतो. तरीही नाही वाचलं, तर ओरखड्याच्या आधीचा आणि नंतरचा असे दोन तुकडे करायचे आणि डीव्हीडीत एकापुढे एक लावायचे. सांध्यावर क्षणभर अडखळतं. अडखळू द्या.

व्हीसीडी 'एचडी' करायचा हट्ट

व्हीसीडीचं चित्र ३५२ × २८८ ठिपक्यांचं. डीव्हीडीचं पूर्ण चित्र ७२० × ५७६, म्हणजे चौपटीहून थोडं जास्त. हे मोठं करून दिलं तर दर चारातले तीन ठिपके कॉम्प्युटरने मनानं भरलेले असतात. नवरीच्या शालूवरची जर त्यातून परत येत नाही. उलट पुन्हा एन्कोड करताना, म्हणजे चित्र नव्याने दाबून लहान करताना, आधीच चौकोनी चौकोनी दिसणारा मांडव आणखी बुळबुळीत होतो. एका पोट्ट्याने रात्रभर लॅपटॉप चालवून असा प्रकार केला आणि सकाळी मला अभिमानाने दाखवला. फाइल पाचपट, चित्र मूळपेक्षा वाईट.

मजा अशी, की याची गरजच नसते. डीव्हीडीच्या नियमांत ३५२ × २८८ चं एमपीईजी-१ (व्हीसीडीत चित्र दाबून ठेवायची रीत) चित्र जसंच्या तसं चालतं. व्हीसीडीचं चित्र सेकंदाला ११५० किलोबिटचं, डीव्हीडीत या प्रकाराला १८५६ पर्यंत मुभा आहे. तेव्हा डीव्हीडी बनवणाऱ्या डीव्हीडीस्टायलर सॉफ्टवेअरमध्ये चित्रासाठी 'कॉपी' निवडा आणि सोडा. काम तासांचं मिनिटांवर येतं, आणि तीन सीड्यांचं लग्न एका डिस्कमध्ये बसून अर्ध्याहून जास्त जागा उरते.

बदलायचा असतो तो आवाज. व्हीसीडीत आवाजाचे नमुने घ्यायचा वेग ४४.१ किलोहर्ट्झ, डीव्हीडीला ४८ लागतं. इथे 'कॉपी' चालत नाही. काही जण फाइलवरचा आकडाच बदलून मोकळे होतात. मग तासाभराचा आवाज ५५ मिनिटांत संपतो आणि आजोबा चिमणीसारखे बोलतात. नीट रूपांतर करा. मी एसी-३ (डीव्हीडीतल्या आवाजाचा एक प्रकार), १९२ किलोबिट ठेवतो, कुठलाही प्लेअर कुरकुरत नाही.

त्यामुळे आवाज मागंपुढं झाला तर आधी एवढंच पाहा: अंतर हळूहळू वाढतंय की एका ठिकाणी उडी मारून तिथेच थांबलंय? वाढत असेल तर रूपांतरात गडबड. उडी असेल तर सीडीवर ओरखडा. फोन करण्याआधी एवढं पाहून ठेवलं तर माझा एक चहा वाचतो.

बाकीच्या चुका थोडक्यात, कारण त्यांत रडण्यासारखं फारसं नाही.

सॉफ्टवेअर 'एनटीएससी'वर (अमेरिका-जपानकडची टीव्हीची पद्धत) ठेवलेलं असतं. आपली लग्नं 'पाल' पद्धतीची, सेकंदाला २५ फ्रेम. आधी ते बदला, नाहीतर वरातीतला घोडा उचक्या देत चालतो.

पडदा रुंद आहे म्हणून चित्राच्या रुंदी-उंचीचं प्रमाण १६:९ करू नका. सगळ्या आत्या आडव्या होतात आणि शिव्या तुम्हाला बसतात. ४:३ राहू द्या.

एमपीजी फाइली नुसत्या डिस्कवर टाकल्या म्हणजे डीव्हीडी होत नाही. डीव्हीडी प्लेअर जो शोधतो तो व्हिडिओ-टीएस फोल्डर हवा.

एसव्हीसीडी (व्हीसीडीची सुधारित बहीण) असेल तर वरचं 'कॉपी'चं सुख विसरा. तिचं ४८० × ५७६ डीव्हीडीला मान्य नाही, तिथे एन्कोड करावंच लागतं.

गुलाबाच्या पाकळ्यांचा मेनू बनवण्यात तीन तास घालवणारे सीडी पुसायला तीन मिनिटं देत नाहीत. मी मेनू ठेवतच नाही. डिस्क घातली की सनई सुरू.

४.७ जीबीची डिस्क कॉम्प्युटरवर ४.३७ दिसते. दुकानदाराने फसवलं नाही, मोजायची रीत वेगळी आहे.

बर्डीच्या बाजारातून सुट्ट्या, बिननावाच्या डिस्क आणून १६ एक्सच्या वेगाने जाळू, म्हणजे लिहू, नका. मी ८ एक्सवर जाळतो, डीव्हीडी-आर वापरतो, फायनलाइज करतो (प्लेअरवर चालावी म्हणून डिस्क बंद करतो) आणि व्हेरिफाय, म्हणजे लिहिलेलं पुन्हा वाचून तपासणं, कधी बंद करत नाही. जूनच्या पहिल्या वादळात, लाइट जाऊन येऊन राहिली असताना, हे काम काढूच नका.

डिस्कवर कागदी स्टिकर लावू नका, फिरताना तोल जातो. आणि सीडीवर बॉलपेनने नाव तर मुळीच नाही. तिचा माहितीचा थर छापील बाजूलाच, पातळ लाखेखाली असतो. खालून पडलेला ओरखडा पुष्कळदा वाचवता येतो. वरून पेन रुतला की तेवढं लग्न गेलं.

डिस्क हातात देण्याआधी मी ती कॉम्प्युटरवर नाही, ज्यांची आहे त्यांच्याच प्लेअरवर लावतो. सुरुवात बघतो, प्रत्येक सांधा बघतो, पाठवणीचा शेवट बघतो. आणि अंतरपाट. तो दोनदा.