घरच्या सर्व्हरपर्यंत बाहेरून पोहोचताना या चुका टाळा

सर्व्हर घरात उत्तम चालतो, पण बाहेरून उघडत नाही, अशी तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेकांनी माझ्याकडे येण्यापूर्वीच राउटरमधील पोर्ट फॉरवर्डिंगचे (बाहेरून आलेली विनंती घरातील ठरावीक यंत्राकडे वळवणाऱ्या नोंदींचे) पान निदान दहा वेळा बदललेले असते. दोष पुष्कळदा त्या पानात नसतोच, आणि इतक्या बदलांनंतर मूळ नोंद काय होती हेही कोणाला आठवत नाही.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे आपल्याला मिळालेला आयपी पत्ता (इंटरनेटवरील जोडणीचा क्रमांक) खरोखर सार्वजनिक, म्हणजे बाहेरून थेट गाठता येणारा, आहे का, हे न पाहता कामाला लागणे. आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीचे पत्ते अपुरे असल्यामुळे सेवा पुरवणाऱ्या अनेक कंपन्या एकाच सार्वजनिक पत्त्यामागे पुष्कळ ग्राहक बसवतात. या व्यवस्थेला सीजीनॅट म्हणतात आणि तिच्यासाठी १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ हा पट्टा २०१२ मध्ये राखून ठेवण्यात आला. हे सर्व मला ठाऊक होते, तरीही मी फसलो. अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना चालवणाऱ्या एका परिचितांनी हिशेबाचे सॉफ्टवेअर जुळे सोलापुरातील घरी एका संगणकावर ठेवले होते आणि ते कारखान्यातून उघडावे, एवढीच त्यांची अपेक्षा होती. पहिल्या संध्याकाळी मी नोंदी तपासल्या, राउटर बंद करून पुन्हा सुरू केला, पोर्टचा क्रमांक बदलला. दुसऱ्या संध्याकाळी त्यांच्या पुतण्याने एक व्हिडिओ पाहून थेट नवा, महागडा राउटर आणून बसवला. तिसऱ्या दिवशी राउटरच्या वॅन (बाहेरच्या जोडणीच्या) विभागात पाहिले, तर पत्ता १००.७२ ने सुरू होत होता आणि आपला आयपी सांगणारे संकेतस्थळ भलताच आकडा दाखवत होते. बाहेरून येणारी विनंती कंपनीच्या यंत्रणेतच अडत होती; आमच्या राउटरपर्यंत ती एकदाही आलेली नव्हती. तेव्हापासून हे दोन पत्ते शेजारी शेजारी लिहून घेतल्याशिवाय मी दुसऱ्या कशालाही हात लावत नाही.

पत्ते जुळत नसतील, तर जादा शुल्क भरून सार्वजनिक स्थिर पत्ता मागावा, किंवा भाड्याने घेतलेल्या बाहेरच्या सर्व्हरशी घरातून वायरगार्ड या सॉफ्टवेअरचा सुरक्षित बोगदा जोडावा. जोडणीची सुरुवात आतून होत असल्याने सीजीनॅट तिच्या आड येत नाही. कारखान्यासाठी मी दुसरा मार्ग निवडला. वॅनमध्ये १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर बहुधा फायबरचा डबा स्वतःच राउटरचे काम करत असतो. अशा वेळी त्याला ब्रिज मोडमध्ये, म्हणजे राउटरचे काम सोडून फक्त जोडणी पुढे देण्याच्या अवस्थेत, टाकावे.

दुसरी चूक उन्हाळ्यात हमखास भेटते. सोलापुरात मे महिन्याच्या दुपारी वीज जाते, ती परत आली की घरातील सारी उपकरणे एकाच वेळी राउटरकडे पत्ता मागू लागतात, आणि काल सर्व्हरला मिळालेला १९२.१६८.१.१० हा पत्ता आज टीव्हीला मिळतो. फॉरवर्डिंगची नोंद जशीच्या तशी असते, पण ती टीव्हीकडे बोट दाखवत असते. मालक मात्र शपथेवर सांगतो की आपण काहीच बदललेले नाही, आणि ते खरेही असते. राउटरच्या डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटणाऱ्या) विभागात सर्व्हरचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) देऊन त्याच्यासाठी एक आयपी राखून ठेवावा. संगणकावरच हाताने पत्ता द्यायचा असेल, तर तो डीएचसीपी वाटत असलेल्या पट्ट्याबाहेरचा असावा, अन्यथा एकच पत्ता दोन उपकरणांकडे जातो. मी तो आकडा तारखेसह कागदावर लिहून राउटरच्या पाठीवर चिकटवतो. तरुण मंडळी हसतात, पण वीज गेल्यावर तोच कागद शोधतात.

घरच्याच वायफायवरून बाहेरचा पत्ता उघडून पाहू नये, कारण अनेक राउटर ही उलटी फेरी होऊ देत नाहीत. मोबाइलचे वायफाय बंद करून डेटावरून तपासावे.

पडद्यावरील त्रुटीचा संदेश वाचण्याचा कंटाळा हा उतावळ्या नवशिक्यांचा खास दुर्गुण आहे. जोडणी तत्काळ नाकारली गेली, तर विनंती बहुधा कोठल्या तरी यंत्रापर्यंत पोहोचली आहे, मात्र त्या पोर्टवर तेथे कोणी ऐकत नाही. अनेकदा सेवा केवळ १२७.०.०.१ वर, म्हणजे फक्त त्याच यंत्रातून उघडेल अशी, बसवलेली असते. बराच वेळ वाट पाहून जोडणी तुटली, तर विनंती वाटेत हरवली किंवा फायरवॉलने गिळली. सर्व्हरवर टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेटे दाखवणारा प्रोग्राम) चालू ठेवून मोबाइलवरून प्रयत्न केला, तर पॅकेट येते की नाही ते लगेच कळते आणि निम्मा शोध तेथेच संपतो.

काहीच जमत नाही म्हणून सर्व्हरला डीएमझेडमध्ये, म्हणजे बाहेरची प्रत्येक विनंती थेट त्याच्याकडे जाईल अशा जागी, टाकणे किंवा फायरवॉल ‘तात्पुरती’ बंद करणे, हा आडमार्ग मला अजिबात मान्य नाही. ती तात्पुरती व्यवस्था सहा महिन्यांनीही तशीच सापडते. एसएसएचचे (दुरून सर्व्हरमध्ये प्रवेश करण्याच्या सोयीचे) २२ क्रमांकाचे पोर्ट इंटरनेटवर उघडे राहिले, तर थोड्याच वेळात अनोळखी यंत्रे संकेतशब्द आजमावू लागतात, आणि त्याचा पुरावा सर्व्हरच्या लॉगमध्ये कोणालाही वाचता येतो. एसएसएच उघडायचेच असेल, तर संकेतशब्दाने प्रवेश बंद करून किल्ली (ओळख पटवणारी फाइल) वापरावी.

डायनॅमिक डीएनएस (बदलत्या पत्त्याला एक कायमचे नाव देणारी सेवा) लावले असेल, तर ते नाव आज कोणत्या पत्त्याकडे नेते, तेही एकदा पाहावे. पत्ता रात्रीत बदललेला असतो आणि तो कळवणारा प्रोग्राम बंद पडून आठवडा झालेला असतो.